दुर्बिणीच्या पेटीतला चरस

दोस्तांनो, तुमच्या दप्तरात नको ती वस्तू सापडली, तर तुम्ही काय म्हणाल? “बाई, मला माहीतच नव्हतं!” हेच ना? याच मुद्द्यावर अमेरिकेत एक गाजलेला खटला लढला गेला. आणि तो कुणाचा, तर ‘बीटल्स’ या ब्रिटिश चमूतला गायक जॉन लेनन याचा! (१९६८ साली हृषीकेशच्या आश्रमात येऊन राहिला होता, तोच हा.)

त्याच वर्षी लंडनमध्ये पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला. दुर्बिणीच्या पेटीत चरस निघाला. लेननने गुन्हा कबूल केला, १५० पौंड दंड भरला. पण ‘तो तिथं होता हे मला ठाऊक नव्हतं,’ असं त्याचं म्हणणं होतं.

पुढे १९७१ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथंच राहावं असं त्याला वाटू लागलं. पण अमेरिकेचा कायदा कडक! गांजा-चरस बेकायदा बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्या परदेशी माणसाला तिथं कायमचं राहता येत नसे. मार्च १९७३ मध्ये हुकूम निघाला: साठ दिवसांत देश सोडा. लेनन व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलत होता, म्हणूनच सरकार मागे लागलंय, असा त्याच्या वकिलांचा आरोप होता.

प्रकरण पोचलं न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयात. तिथं साक्षीदार नसतात, ज्यूरी नसते. सहसा तीन न्यायाधीश कागद वाचतात, वकिलांना प्रश्न विचारतात आणि कायद्याचा अर्थ नीट लावला गेला का, ते तपासतात.

७ ऑक्टोबर १९७५ ला निकाल लागला. न्यायाधीश इर्व्हिंग कॉफमन यांनी त्यात छान उदाहरण दिलंय. समजा, खिशातल्या गोळ्या ॲस्पिरिनच्या आहेत असं एखाद्याला मनापासून वाटतंय, पण निघालं हेरॉइन. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्याने तोही गुन्हेगारच! अशा शिक्षेवरून अमेरिकेने माणसाला घालवू नये, असं न्यायालयाने ठरवलं. तेही एकमताने नव्हे हं, दोन विरुद्ध एक. लेनन निर्दोष आहे, असं मात्र न्यायालय म्हणालं नाही. हुकूम रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं, इतकंच.

दोनच दिवसांनी लेननचा पस्तिसावा वाढदिवस होता. नेमका त्याच दिवशी त्याला मुलगा झाला! कायमच्या वास्तव्याचा परवाना हाती पडायला मात्र २७ जुलै १९७६ उजाडला.