गाडीच्या नाकाला रुमाल कोणता?

मुलांनो, सोयाबीनच्या राशी चालू असतात त्या दिवसांत लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलात ना कधी? घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा! मग एवढी वाट धावलेल्या गाडीच्या नाकाचं काय?

हो, गाडीलाही नाक असतं! एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. प्रवासात ९ लिटर पेट्रोल लागलं असं धरा आणि करा गुणाकार. ८१ हजार लिटर! १० हजार लिटरचे आठ टँकर भरून वर हवा उरली. या हवेतली धूळ अडवतो तो एअर फिल्टर. तो नसेल तर धुळीतले वाळूचे कण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये पॉलिश पेपरासारखे घासतात. मग इंजिन ऑइल पितं, धूर सोडतं आणि बाबांच्या खिशाला मोठी कात्री लागते.

फिल्टर दोन तऱ्हेचे. एक घड्या घातलेल्या कागदाचा. तो भरला की टाकायचा, नवा बसवायचा. दुसरा तेल लावलेल्या सुती जाळीचा. तो धुऊन, वाळवून, पुन्हा तेल लावून वर्षानुवर्षं वापरता येतो. किंमत मात्र कितीतरी पट!

‘टाकण्यापेक्षा पुन्हा वापरलेलं बरं,’ असं मी वर्गात नेहमी सांगते. म्हणून एकदा कागदी फिल्टरच बादलीत बुचकळला! कागद फुगला, घड्या चिकटल्या. मेकॅनिकमामा हसून म्हणाले, ‘‘बाई, लिहिलेली वही धुऊन पुन्हा लिहिता येतं का?’’

मग सुती जाळी घ्यावी का? तिला तेल कमी पडलं तर धूळ आत शिरते. जास्त झालं तर काही गाड्यांत हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चढतं. ती पूर्ण वाळेपर्यंत गाडी उभी. शिवाय धुवायला पाणी हवं! २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना बादलीची किंमत सांगायला नको. आणि अगदी बारीक धूळ अडवण्यात चांगला कागद सहसा सरस ठरतो.

म्हणून आमच्या घरी ठरलं, फिल्टर कागदीच. पण धुळीच्या दिवसांत तो लवकर तपासायचा. तुमच्या घरी नेमाने निगा राखणारं कुणी असेल, तर जाळीही चांगली. कंटाळा करणाऱ्यांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

येत्या रविवारी इंजिन थंड असताना आईबाबांना बॉनेट उघडायला सांगा. फिल्टर उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसतो का? नसेल दिसत, तर तुमच्या गाडीचं नाक चोंदलंय बरं का!