पहिला नंबर कशाचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘स्वच्छ वायू सर्वेक्षणा’त दहा लाखांवरच्या शहरांमध्ये आपलं इंदूर पहिलं आलं. अभिमान वाटायलाच हवा. पण ‘देशातली सगळ्यात शुद्ध हवा इंदूरची’ असा त्याचा अर्थ कुणी सांगत असेल, तर तो चुकीचा आहे. हा नंबर हवेपेक्षा कामाचा जास्त आहे.

२०१९ साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. सर्वेक्षणात त्यातल्या शहरांना गुण मिळतात ते रस्त्यावरची धूळ, कचरा जाळणं, बांधकामाचा राडारोडा, वाहनं, कारखाने यांवर काय केलं याचे. यात इंदूर मागे कसं राहील? रात्री इथे यंत्रांनी रस्ते झाडले जातात. देवगुराडियाला पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते. २०२२ पासून तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प आहे. कचरा साठलाच नाही, तर पेटणार कुठून!

हवा किती सुधारली यालाही गुण आहेत, पण ते पीएम १० घटल्याचे. गोम इथेच आहे. पीएम १० मध्ये रस्त्यावरची धूळ बरीच असते, ती झाडून, पाणी मारून कमी होते. पीएम २.५ हे त्याहून बारीक कण मुख्यतः धुराचे: गाड्या, कोळशाचे तंदूर, जाळलेला पालापाचोळा. ते फुप्फुसात खोलवर जातात आणि झाडूला दाद देत नाहीत. घरात दम्याचं मूल असेल, तर पाहायचा आकडा हा.

हवा मोजण्याचं काम मुख्यतः राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. छोटी ग्वालटोलीच्या केंद्रातलं यंत्र दिवसरात्र हवा ओढत असतं. त्यावरून निघणारा एक्यूआय ही सगळ्या प्रदूषकांची सरासरी नव्हे. प्रत्येकाचा वेगळा निर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात वाईट तो शहराचा धरतात. धुलिकणांसाठी मात्र २४ तासांची सरासरी घेतात. त्यामुळे दुपारच्या बऱ्या हवेत सकाळचा धूर झाकला जातो. थंडीत जमिनीलगतची गार हवा तो धूर ऊन चढेपर्यंत धरून ठेवते, आणि नेमके तेव्हाच आजोबा फिरायला निघतात! केंद्रीय मंडळाचं ‘समीर’ हे अॅप मोबाइलवर घ्या, त्यात पीएम २.५ पाहा आणि आजोबांची वेळ तासाभराने पुढे ढकला.

गहू निघाल्यावर आसपासच्या शेतांत नरवाई जाळतात, तेव्हा मात्र महापालिकेचा हात तोकडा पडतो. ती शेतं तिच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे बंदीचा आदेश काढायचा तो जिल्हा प्रशासनाने.