दुकानदाराच्या पेल्यात तुमची बाग



दिंडोरी, निफाड, पलूसकडे ज्यांनी वाईनची द्राक्षे लावली आहेत, त्यांचा व्यवहार वायनरीशी. घड तोडले, क्रेट भरले, वजन झाले की आपले काम संपले असे आपण धरून चालतो. पण ती बाटली पुढे मुंबई-पुण्याच्या दुकानात खपलीच नाही, तर पुढच्या हंगामात आपला माल कोण उचलणार? २००८-०९ च्या सुमारास विक्री मंदावली, वायनऱ्यांत माल पडून राहिला आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या. ही द्राक्षे खायला म्हणून बाजारात चालत नाहीत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. तेव्हा दुकानदार नवी वाईन कशी पारखतो, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

जाणता दुकानदार आधी बाटलीला कागद गुंडाळतो. नाव आणि किंमत दिसली की जीभ खोटं बोलते. एका बैठकीला सहा-आठ बाटल्या पुरे. पांढऱ्या आधी, लाल नंतर. पांढरी साधारण १० अंशांवर गार केलेली, लाल १६ ते १८ अंशांवर. आपल्या उन्हाळ्यात ३५ अंशांची लाल वाईन चाखली, तर नुसती दारूच नाकात जाते. पेला एक तृतीयांश भरायचा, पांढऱ्या कागदावर धरून रंग बघायचा, पेला गोल फिरवून वास घ्यायचा. मग घोट तोंडात घोळवून थुंकायचा. हो, थुंकायचाच! गिळत गेले तर चौथ्या बाटलीला पारख कसली राहणार?

आता मुद्द्याचे. पेल्यातला बराचसा दोष बागेतून आलेला असतो.

कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर एक कारण असे की भुरीसाठी मारलेले गंधक मण्यांवर राहिले आणि रस आंबताना त्याचा वायू झाला. म्हणून तोडणीला महिना-सव्वा महिना उरला की गंधक बंद करावे आणि भुरीचा बंदोबस्त त्याआधीच करावा. व्हिनेगरचा किंवा नखांच्या रंगाचा झणका आला, तर फुटलेले, माशी बसलेले घड क्रेटात गेले असण्याचा संभव मोठा. असे घड वेलीवरच वेगळे काढा. दहा किलोत दोन घड खराब, त्याने काय होते, असे म्हणू नका. कॅबर्नेला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो तो तोडणीची घाई केल्याने, नाहीतर पाने दाट राहून घड सावलीत वाढल्याने.

घोट पाणचट लागला, तर दुकानदार बाटली बाजूला सारतो. खाण्याच्या द्राक्षाचा एकरी दहा-बारा टन माल घ्यायची आपल्याला सवय. वाईनच्या वेलीवर पाच टनांच्या आसपासच ठेवावा लागतो. पांढरी वाईन सपक लागली, तर आंबटपणा उन्हाने खाल्ला समजा. फेब्रुवारीच्या उन्हात तो झपाट्याने उतरतो, म्हणून शेनिन, सोव्हिन्यॉंची तोडणी उजाडायच्या आत उरकावी आणि क्रेट सावलीत ठेवावेत.

सगळेच दोष आपले नसतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास बहुधा बुचाचा असतो.

चाखून झाल्यावरच दुकानदार किंमत विचारतो: एवढ्या पैशात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल का? शहाणा असेल तर तो उरलेली बाटली बूच लावून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी जेवणाबरोबर पुन्हा चाखतो. दुकानात बाटली महिनोन्‌महिने उभी राहते. रात्रीत मान टाकणारी वाईन त्याला परवडत नाही.

तुम्हीही एवढे करा. ब्रिक्स २२ च्या पुढे गेले म्हणजे झालं, असे समजू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, उन्हातले नि सावलीतले मणी तोडून चावून बघा. बी तपकिरी होऊन कडकन फुटली पाहिजे. हिरवी, चिवट असेल तर अजून थांबा. आणि वाईन तयार झाली की वायनरीत जाऊन आपल्या मालाच्या टाकीतला नमुना मागा. ज्यांना दारू वर्ज्य आहे त्यांनी नुसता वास घेतला तरी गंधकाची चूक कळेल, आणि पुढच्या ऑक्टोबर छाटणीआधी फवारणीचे वेळापत्रक बदलता येईल.