पोट भरलं, पण अंगात रक्त आहे का? – थोड्या पैशांत लहान मुलांचं खाणं



मी मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि 1970 च्या दशकात इस्रायलला आले. हिब्रू शिकले, परीक्षा दिली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत नेगेवमधल्या गावांत तिपत खालावमध्ये काम केलं. आपल्या बेने इस्राएल कुटुंबांतली कितीतरी बाळं मी तराजूवर ठेवली आहेत. आज ती बाळं स्वतः आई-बाप झाली आहेत.

हा लेख मी मुद्दाम आजी-आजोबांसाठी लिहिते आहे. आपल्या बऱ्याच घरांत मुलगा आणि सून दोघंही पाळीवर कामाला जातात. घरभाडं, वीज, बसचा खर्च भागवून महिनाअखेर हातात फार उरत नाही. दुपारी बाळाच्या तोंडात घास कोण घालतं? आपणच. म्हणून काय घालायचं आणि का, हे आपल्याला नीट माहीत हवं.

गुबगुबीत बाळही अशक्त असू शकतं

एक उदाहरण सांगते. सव्वा वर्षाचा मुलगा, गोरा, गोल, वजन अगदी छान. आजी त्याला जिवापाड जपायची. दिवसातून पाच-सहा बाटल्या दूध, मध्ये चहात बुडवलेली बिस्किटं, थोडा मऊ भात. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 8.7 निघालं. या वयात ते साधारण 11 तरी हवं. आजीला रडू आलं. म्हणाली, "सिस्टर, मी त्याला एक दिवस उपाशी ठेवला नाही हो!" आणि ते खरंच होतं. पोट रोज भरत होतं, पण त्या खाण्यात लोह जवळजवळ नव्हतंच.

बाळ जन्माला येतं तेव्हा आईच्या पोटातून लोहाची शिदोरी घेऊन येतं. ही शिदोरी साधारण सहा महिने पुरते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची त्याहून लवकर संपते. त्यानंतर लोह खाण्यातूनच यायला हवं. सात ते बारा महिन्यांच्या बाळाला रोज 11 मिलिग्रॅम लोह लागतं आणि मोठ्या पुरुषाला 8. एवढंसं बाळ, पण गरज बापापेक्षा जास्त! कारण त्याचं रक्त, स्नायू, मेंदू सगळं भराभर वाढत असतं. पहिल्या दोन वर्षांत लोह कमी पडलं तर मूल मलूल राहतं, वारंवार आजारी पडतं, आणि शिकण्याच्या शक्तीवर झालेला परिणाम नंतर औषध देऊनही कधीकधी पूर्ण भरून येत नाही. म्हणून मी या गोष्टीला एवढं धरून बसते.

हा प्रश्न एकट्या आपल्या घरांचा नाही. भारतात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोन मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. इस्रायलमध्ये परिस्थिती पुष्कळ बरी आहे, कारण इथे बाळांना चार महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत लोहाचे थेंब देण्याचा नियम आहे. पण थेंबांची बाटली कपाटात राहिली तर तिचा काय उपयोग? थेंबांमुळे शी काळी होते, ते पाहून आजी घाबरते आणि थेंब बंद करते. काळी शी म्हणजे काही बिघाड नव्हे, जास्तीचं लोह बाहेर पडतं एवढंच. दातावर डाग पडू नयेत म्हणून थेंब जिभेच्या मागच्या बाजूला सोडा. दुधाबरोबर देऊ नका. किती थेंब द्यायचे ते नर्सला विचारा.

वरणाचं पाणी नको, वरण द्या

पहिले सहा महिने आईचं दूध पुरेसं असतं. त्याला पैसे पडत नाहीत, उकळावं लागत नाही. आई कामाला जात असेल तर दूध काढून ठेवता येतं. पावडरचं दूध द्यावं लागलं तर डब्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करा. डबा महाग आहे म्हणून पातळ करून पुरवायचा मोह होतो, तो मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. त्याने बाळाचं वजन खुंटतं आणि रक्तातलं मीठ कमी होऊन झटकेसुद्धा येऊ शकतात. पैसे कमी पडत असतील तर नर्सला स्पष्ट सांगा. लाजू नका.

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू करायचं आणि आईचं दूध चालू ठेवायचं. इथे आपल्याकडची एक जुनी सवय आड येते. आपण बाळाला वरणाचं वरचं पाणी देतो, भाताची पेज देतो. वाटतं, हलकं आहे, पचेल. पण बाळाचं पोट केवढं असतं? आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण एक मोठी वाटीभर मावतं. ती वाटी पाण्यानेच भरली तर सत्त्वाला जागा कुठे राहिली? डाळीतलं लोह आणि प्रथिनं खाली बसलेल्या गाळात असतात. म्हणून खाणं असं घट्ट हवं की चमचा तिरपा केला तरी लगेच ओघळणार नाही.

सहाव्या महिन्यात दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांच्या सुमारास दर वेळी अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, आणि मध्ये एखादं फळ.

स्वस्त आणि चांगलं: मकोलेत आणि शुकमधली यादी

महाग डबे आणि बाटल्या घ्यायची गरज नाही. मी आईंना नेहमी ही यादी सांगायची:

मसूर डाळ, म्हणजे इथले नारिंगी अदाशीम. लवकर शिजतात, स्वस्त आहेत, आणि 100 ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात.

अंडं. पूर्ण शिजवलेलं, कुस्करून. अंड्यांचे आणि साध्या दुधाचे काही भाव इथे सरकार ठरवतं, म्हणून ते परवडतं.

तेहिना. तिळाची असल्याने ताकद भरपूर. सालासकट तिळाची घेतली तर कॅल्शियम कितीतरी जास्त मिळतं. तीळ प्रथम अगदी थोडे देऊन बघा, कारण इथे काही मुलांना तिळाची ॲलर्जी निघते.

कोंबडीची कलेजी. आठवड्यातून एकदा, एक-दोन चमचे, बारीक करून. लोहासाठी उत्तम, पण रोज नको, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

फ्रोझन मासा, काटे बोटांनी चाचपून काढलेला. आपल्या लोकांना मासा शिकवायला नको!

मोसमातली भाजी आणि फळं. शुक बंद व्हायच्या वेळी गेलात तर भाव उतरलेले असतात. थोडा मऊ पडलेला टोमॅटो किंवा केळं बाळाला छान चालतं.

आता माझी खिचडी. दोन भाग तांदूळ, एक भाग मसूर डाळ, एक गाजर किंवा लाल भोपळ्याची फोड, चिमूटभर हळद. भरपूर शिजवून काट्याने चेचायचं. वाढताना बाळाच्या वाटीत एक छोटा चमचा तेल घालायचं, कारण त्या एका चमच्यात सुमारे 40 कॅलरी असतात. वरून लिंबाचे चार थेंब. लिंबू फक्त चवीला नव्हे. डाळीतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. लिंबू, टोमॅटो, संत्रं यांतलं क जीवनसत्त्व बरोबर असलं की ते जास्त घेतलं जातं. वर्षाच्या आत मीठ आणि साखर घालू नका. त्याच भांड्यातून बाळाची वाटी आधी काढा आणि मग मोठ्यांसाठी मीठ, मिरची, फोडणी घाला. वेगळा स्वयंपाक नको, वेगळा खर्च नको.

आपण मटणाच्या रश्श्यात दुधाऐवजी नारळाचं दूध वापरतो. चव छान, पण ते गाईच्या दुधाची जागा घेत नाही. त्यात चरबी असते, कॅल्शियम आणि प्रथिनं फारच कमी.

प्रेमाने देतो, पण देऊ नये

चहा. हे वाचून काही जणी रागावतील. चहा-पाव, चहा-बिस्किट हा आपला जीव की प्राण. पण चहातला तुरट भाग जेवणातलं लोह बांधून टाकतो. लहान मुलाला चहा नकोच, दुधाचा असला तरी.

जास्त दूध. वर्षाच्या आत गाईचं दूध पेय म्हणून नको. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरपर्यंत पुरे. दुधात लोह नसल्यासारखंच असतं आणि दुधाने पोट भरलेलं मूल जेवत नाही. वर सांगितलेल्या मुलाचं हेच झालं होतं.

मध. वर्षाच्या आत थेंबही नाही. मधात कधीकधी असे जंतू असतात की त्यांच्यामुळे लहान बाळाच्या अंगातली शक्ती जाते, श्वाससुद्धा बंद पडू शकतो. रोश हशानाला सफरचंद मधात बुडवून सगळ्यांना देतो, तेव्हा कडेवरच्या बाळाच्या ओठाला मध लावू नका. कच्च्या सफरचंदाची फोडही नको, घशात अडकते. त्याला शिजवून चेचलेलं सफरचंद द्या, सण त्याचाही होईल.

बाळगुटी. वेखंड, जायफळ उगाळून चाटवायची पद्धत आपल्या आयांनी चालवली. पण सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाशिवाय आणि सांगितलेल्या थेंबांशिवाय काही नको. वेखंड-जायफळ जास्त झालं तर बाळाला विषासारखं बाधतं.

आख्खे शेंगदाणे, बदाम, आख्खी द्राक्षं. पाच वर्षांपर्यंत घशात अडकायची भीती. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट खिचडीत घाला. लवकर दाणा दिला तर ॲलर्जी होईल असं पूर्वी सांगायचे, आता उलट दिसलं आहे. 2008 मध्ये संशोधकांनी ब्रिटनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट निघाली, आणि इथली मुलं लहानपणापासून बाम्बा खात होती. 2015 मधल्या मोठ्या अभ्यासानेही हेच दाखवलं. अंगावर खूप इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि बाम्बा म्हणजे जेवण नव्हे. दुपारी जेवणाआधी अर्धं पाकीट खाल्लेलं मूल ताटाकडे बघणारही नाही.

एकदा एका आईबरोबर बसून मी आठवड्याची बिलं बघितली. गोड सरबतं, बिस्लीची पाकिटं, चॉकलेटचे कप, बिस्किटं. तेवढ्या पैशांत आठवडाभराची अंडी, अदाशीम आणि फळं सहज आली असती. त्या बाईची चूक नव्हती. दिवसभर काम करून थकलेली आई रडणाऱ्या मुलाला पाकीट देते, कारण ते लगेच गप्प होतं. इथेच आपला उपयोग आहे. आपल्याकडे पैसा नसेल, पण दुपारी अर्धा तास आहे.

कसं भरवायचं

बाळाला समोर बसवा, तोंडाकडे बघा, बोला. चिऊ-काऊचे घास आपल्याला येतातच, मराठीही कानावर पडेल. टीव्ही आणि फोन बंद ठेवा. तोंड फिरवलं की थांबा. नाक दाबून, हात धरून भरवू नका. काय आणि कधी द्यायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते बाळाने. नवी चव आठ-दहा वेळा दिल्यावर कधी आवडते, म्हणून एकदा थुंकली तर सोडून देऊ नका. आजारपणात थोडं थोडं, पण वारंवार द्या. जुलाब झाले म्हणून खाणं बंद करू नका, आणि आईचं दूध तर मुळीच नाही.

मदत कुठे मागायची

1913 मध्ये हेन्रिएटा सोल्ड यांनी रोझ कॅप्लन आणि रेचेल लँडी या दोन नर्स अमेरिकेहून जेरुसलेमला पाठवल्या, गरीब आया आणि बाळांची काळजी घ्यायला. पुढच्या दशकात त्याच कामातून शुद्ध केलेलं दूध गाढवावरून वाटलं जायचं आणि 'दुधाचा थेंब', तिपत खालाव हे नाव पडलं. म्हणजे ही सोय सुरुवातीपासून गरिबांच्या बाळांसाठीच आहे. तिथे आज फी लागत नाही. 1950 च्या दशकातली त्सेना तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, रेशनची अंड्याची पावडर आठवत असेल. तेव्हा रांगेत उभं राहायला कोणी लाजलं नाही, आताही लाजू नका.

वजनाचा तक्ता घेऊन बसा. एक आकडा बघून घाबरू नका, रेष बघा. रेष वर जात असेल तर बाळ बारीक असलं तरी ठीक आहे. दोन-तीन वेळा आडवी राहिली किंवा खाली आली तर वाट बघू नका. मूल फिकट दिसतं, सारखं झोपतं, माती खातं, तर लगेच दाखवा. वर्षाच्या सुमारास रक्ततपासणी होते, ती चुकवू नका. मिळकत कमी असेल तर मान्यताप्राप्त माओनमध्ये फीला सूट मिळते आणि मुलाला दुपारचं गरम जेवण मिळतं. सणाच्या वेळी कोणी मदतीची पिशवी देणार असेल, आधी विचारत असेल, तर बिस्किटांऐवजी डाळ, तेहिना आणि माशाचे डबे मागा.

त्या सव्वा वर्षाच्या मुलाला लोहाचं औषध सुरू केलं. दूध दोन बाटल्यांवर आणलं, चहा बंद, आजीची खिचडी-लिंबू सुरू. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.4 झालं. खर्च वाढला नाही, उलट दुधाचे पैसे वाचले.

तुमच्या घरी दोन वर्षांखालचं मूल असेल तर आज दोनच गोष्टी करा. लोहाचे थेंब शेवटचे कधी दिले ते सुनेला किंवा मुलीला प्रेमाने विचारा, आणि उद्याच्या वरणाचं पाणी नव्हे, वरण द्या.

तुमची,
एक निवृत्त नर्स