नियोजित कोशिकामृत्यू
बहुकोशिक प्राण्यांच्या शरीरातील अनावश्यक वा बिघडलेल्या कोशिका स्वतःच्याच यंत्रणेने नष्ट होण्याची क्रिया. गर्भाच्या बोटांमधील पडदा या क्रियेने नाहीसा होतो. दुखापतीने मरणारी कोशिका फुटते व भोवती दाह निर्माण करते. येथे मात्र कोशिका आकसून तिचे पटलवेष्टित तुकडे होतात व इतर कोशिका ते गिळून टाकतात. केर, वायली व करी यांनी १९७२ मध्ये या प्रकारास पानगळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले.

कोशिकेला ऊर्जा पुरविणारे कलकणू, म्हणजेच मायटोकाँड्रिया, तिच्या मृत्यूचेही एक प्रमुख केंद्र असावे, हे लक्षणीय आहे. त्यांच्या बाह्य पटलावर बीसीएल–२ कुलातील प्रथिने एकमेकांना आवर घालीत असतात. बॅक्स व बॅक पटलास छिद्रे पाडू शकतात. बीसीएल–२, एमसीएल–१ इ. त्यांना रोखून धरतात. तर बिम, प्यूमा यांसारखी लहान प्रथिने या रक्षकांच्या पृष्ठावरील खाचेत बसून तो निर्बंध उठवितात. डीएनएला गंभीर इजा झाल्यास पी–५३ हे प्रथिन प्यूमाची निर्मिती वाढविते. छिद्रे पडली की, एरवी श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारे सायटोक्रोम–सी कोशिकाद्रव्यात उतरते आणि ॲपाफ–१ शी संयोग पावून कॅस्पेस एंझाइमांना चालना देते. ही एंझाइमे कोशिकेतील प्रथिने तोडतात. एक्सआयएपी हे प्रथिन कॅस्पेसांना अटकाव करते; तो दूर करणारी स्मॅक व एचटीआरए–२ ही प्रथिनेही कलकणूंतूनच बाहेर पडतात.

यांपैकी एचटीआरए–२ ची संरचना व नियंत्रण यांवर नवी मुंबईतील करंजाडे–पनवेल परिसराजवळ, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत काकोली बोस व सहकारी यांनी काम केले आहे. मुंबईत परळ येथे १९५२ मध्ये वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेली संशोधन संस्था २००२ मध्ये येथे हलविण्यात आली.

लसीका ग्रंथींच्या एका कर्करोगात १४ व १८ या रंगसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीएल–२ प्रमाणाबाहेर तयार होते. हे प्रथिन कोशिकाविभाजन वाढवीत नाही, केवळ मृत्यू टाळते, असे १९८८ मध्ये दिसून आले. कर्करोग म्हणजे निव्वळ बेसुमार विभाजन, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरली. बीसीएल–२ च्या खाचेत बसणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ मध्ये एका प्रकारच्या रक्तकर्करोगासाठी मान्य झाले. ज्या कोशिका एमसीएल–१ वर विसंबून असतात, त्या मात्र त्याला सहसा दाद देत नाहीत.