ईआर, पीआर आणि शस्त्रक्रियेआधीचं एक इंजेक्शन

स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासून आला की रिपोर्टच्या तळाशी तीन नोंदी असतात : ईआर, पीआर आणि हर-टू. प्रत्येकीपुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. दौंडची बाई असो की दादरची, घरच्यांची नजर वरच्या ‘कॅन्सर’ या शब्दावर खिळते आणि या तीन ओळी डॉक्टरांच्या कामाच्या म्हणून तशाच राहतात. पुढची पाच-दहा वर्षं रोज गोळी घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर कोणती, हे मुख्यतः पहिल्या दोन ओळींवर ठरतं. करोनापासून ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाची आपण धास्ती घेतली आहे. इथे मात्र ईआर पॉझिटिव्ह ही त्यातल्या त्यात बरी बातमी असते.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा. दोन्ही बाईच्या शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हॉर्मोन्स. इन्सुलिनसारखं हॉर्मोन पेशीच्या दारावरच निरोप देऊन थांबतं. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सरळ आत शिरतात. आत त्यांची वाट पाहणारं प्रथिन म्हणजे हा रिसेप्टर. हॉर्मोन येऊन चिकटलं की त्याचा आकार बदलतो, तो केंद्रकातल्या डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतो आणि तिथली जनुकं चालू किंवा बंद करतो. खडकवासल्याच्या कालव्यावर शेती करणाऱ्या दौंडकराला हे लगेच समजेल. आदेश वरून येतो, पण कोणत्या चारीचं दार उघडायचं आणि कोणतं बंद ठेवायचं हे हाताने करतो तो पाटकरीच.

माणसात असे ४८ रिसेप्टर आहेत आणि आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातली बरीच मंडळी त्यांच्याच ओळखीची असतात. सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉइडची गोळी, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी, दम्याच्या जोरात दिलेलं प्रेडनिसोलोन, सरकारी दवाखान्यातली माला-एन, मधुमेहावरची पायोग्लिटाझोन. रोग वेगळे, डॉक्टर वेगळे, पण यातली प्रत्येक गोळी शेवटी याच कुटुंबातल्या एखाद्या रिसेप्टरशी जाऊन बोलते.

हे एकच कुटुंब आहे हे कळायला मात्र बराच काळ गेला. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांच्या वाचनात आलं होतं, की काही देशांत गाय व्यायल्यावर तिची बीजकोशं काढतात, म्हणजे ती दूध देत राहते. बीजकोशाचा आणि स्तनाचा काहीतरी संबंध आहे हे त्यांनी तेवढ्यावरून ओळखलं. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या एका स्त्रीची बीजकोशं त्यांनी काढली आणि १८९६ मध्ये लिहून कळवलं, की गाठी विरघळल्या. का विरघळल्या, हे सांगायला तेव्हा कोणीच नव्हतं. १९५८ च्या सुमारास शिकागोत एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन वापरलं आणि ते शरीरात नेमकं कुठे अडकतं ते पाहिलं. गर्भाशयासारख्या ठरावीक ऊतींत ते टिकून राहत होतं, म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. १९८५ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने कॉर्टिसोलच्या रिसेप्टरचं जनुक वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये पिएर शांबों यांच्या गटाने इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरचं जनुक मिळवलं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर नातं उघड झालं. २००४ मध्ये या तिघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला.

जनुकं हाती येण्याआधीच औषध आलं होतं, हा यातला गमतीचा भाग. टॅमॉक्सिफेन हा रेणू १९६२ मध्ये ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी बनवला. शोध गर्भनिरोधकाचा चालला होता आणि त्या कामात तो साफ नापास झाला. स्तनाच्या पेशीत मात्र तो इस्ट्रोजेनच्या जागी रिसेप्टरवर जाऊन बसतो आणि पुढचं काम होऊ देत नाही. ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांनी पाच वर्षं ही गोळी घेतली, तर पुढच्या पंधरा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. पाळी गेलेल्या स्त्रीत चरबीच्या ऊतीतही इस्ट्रोजेन तयार होतं. ते तयार होणंच थांबवणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या नंतर आल्या.

आता मुंबईकडे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे सर्जन आणि पुढे टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक झालेले डॉ. राजेंद्र बडवे तरुणपणी लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये काम करत होते. तिथल्या २४९ स्त्रियांच्या जुन्या नोंदी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळल्या. सगळ्या पाळी चालू असलेल्या, सगळ्यांची स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेली. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की शस्त्रक्रिया पाळीच्या कोणत्या दिवशी झाली. पाळी सुरू झाल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसात झालेल्यांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या, इतर दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. १९९१ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि वाद पेटला. काहींना आपल्या नोंदींत तसंच दिसलं, काहींना काहीच दिसलं नाही.

बडव्यांचा तर्क साधा होता. त्या दहा दिवसांत इस्ट्रोजेन चढतं असतं आणि प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसतं. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीतल्या काही पेशी रक्तात सुटत असतील, तर त्या वेळी शरीरात प्रोजेस्टेरॉन असणं उपकारक ठरत असावं. मग पाळीचा दिवस पाहत बसण्यापेक्षा प्रोजेस्टेरॉनच बाहेरून का देऊ नये? टाटामध्ये एक हजार स्त्रियांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, दुसऱ्याला थेट शस्त्रक्रिया. इंजेक्शन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रोजच्या ओळखीचं आणि स्वस्त.

निकाल २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त आला. सगळ्या हजार जणींचा मिळून हिशेब केला, तर दोन गटांत ठाम म्हणावा असा फरक नव्हता. काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेल्या ४७१ स्त्रियांत मात्र फरक दिसला : पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या सुमारे ६५ टक्के, इंजेक्शन न घेतलेल्यांत ५५ टक्के. हयात असलेल्या ७६ विरुद्ध ६७. एका इंजेक्शनच्या मानाने हे मोठं अंतर आहे. पण मुख्य प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं असताना एका उपगटातलं ‘हो’ जपूनच घ्यायचं असतं, आणि म्हणून हे इंजेक्शन जगभरच्या उपचारांच्या यादीत गेलेलं नाही. त्यावर कुणाचं पेटंट नाही, त्यामुळे मोठ्या चाचण्यांवर पैसा ओतायला कुठली कंपनी पुढे येईल ही आशाही फोल. असे प्रश्न सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांनीच विचारायचे असतात आणि टाटाने तो विचारला, याचं मोल निकालाइतकंच आहे.

एक कोडं उरलं होतं. प्रोजेस्टेरॉन जर पीआरमार्फतच बोलत असेल, तर पीआर निगेटिव्ह गाठींत ते काय करणार? हे काम खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटाच्याच संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने हाती घेतलं. मुकुल गोडबोले आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांना प्रोजेस्टेरॉन दिलं. दोन्ही प्रकारच्या पेशींची पसरण्याची, आजूबाजूला घुसण्याची ताकद कमी झाली. पीआर असो वा नसो! २०१८ मध्ये त्यांनी त्यामागची साखळी मांडली. प्रोजेस्टेरॉनमुळे एसजीके१ हे जनुक जास्त काम करू लागतं आणि त्यामुळे पेशींच्या पसरण्याला आवर घालणारं एनडीआरजी१ वाढतं. पीआर असलेल्या पेशीत रिसेप्टर स्वतः एसजीके१ च्या डीएनएवर जाऊन बसतो. पीआर नसलेल्या पेशीत एसजीके१ ला दाबून ठेवणारे दोन छोटे आरएनए प्रोजेस्टेरॉनमुळे कमी होतात आणि जनुक मोकळं होतं. एकाच ठिकाणी पोचायच्या दोन वाटा. बशीतल्या पेशी म्हणजे रुग्ण नव्हे, हे खरं. तरी रुग्णालयात सुचलेला प्रश्न प्रयोगशाळेत रेणूंपर्यंत नेऊन तपासणं आपल्याकडे अजून विरळाच आहे.

सोलापूरहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर दौंडला थांबते, आणि तिच्यात फायली घेऊन परळच्या टाटाकडे निघालेलं कुणी ना कुणी असतंच. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कॅन्सरपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ईआर पॉझिटिव्ह निघतात. भारतात हे प्रमाण त्याहून कमी आहे, आणि गाठ मोठी होईपर्यंत थांबणं हे आपलं जुनंच दुखणं. त्यावर यंत्राशिवायचा उपायही मुंबईतच तपासला गेला आहे. १९९८ पासून तिथल्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर चाललेल्या टाटाच्या अभ्यासात एका गटातल्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. वीस वर्षांच्या हिशेबात पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतल्यांत तसा फरक दिसला नाही.

तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने दोन वर्षांतून एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी करून घ्यावी. गाठ निघालीच, तर ईआर-पीआरचा रिपोर्ट मागून घ्यावा आणि त्याची प्रत घरी ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, त्याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. आणि टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल सुरू झालं असेल, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून दोन वर्षांत सोडू नये. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलता येते.