पहाऱ्यावरचा नाईक

शुक्रवार पेठेतल्या बोळांत घराला घर लागून आहे. एका खोलीत पाच-सहा माणसं निजतात. त्यात कुणाला टीबी असेल, तर त्याच्या खोकल्यातला जंतू इतरांच्या छातीत जाऊ शकतो. पण जंतू शिरला म्हणजे आजार जडला असं नव्हे.

फुप्फुसातल्या भक्षक पेशी जंतूला गिळतात, पण बऱ्याचदा त्यांना तो पचत नाही. मग भोवती इतर पेशी जमून गाठ बांधतात, ज्वारीच्या दाण्याहून लहान. आपला भुईकोट किल्ला आठवा, फक्त उलटा: शत्रू आत कोंडलेला, पहारा बाहेर. या पहाऱ्याचा नाईक म्हणजे सीडी-४ पेशी. तिनं सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमामुळे भक्षक पेशींना जंतू मारायचं बळ येतं. पहारा नीट असेल तर जंतू शिरलेल्या शंभरांपैकी पाच-दहा जणांनाच जन्मात कधीतरी टीबी होतो.

एचआयव्ही नेमका या नाईकाला मारतो. उपचार नसतील तर मग शंभरातल्या दहाएक जणांना दरवर्षी टीबी होऊ शकतो.

अमेरिकेत मकाक माकडांना आधी टीबीचा जंतू दिला आणि तो निजल्यावर एचआयव्हीचा भाऊबंद एसआयव्ही दिला. अनेकांचा टीबी उठला. काहींचा मात्र सीडी-४ घटूनही उठला नाही. तिथं सीडी-८ आणि बी पेशींनी पहारा सांभाळला असावा. नुसत्या सीडी-४च्या आकड्यावर विसंबू नये ते यासाठी.

मला खरी काळजी वाटते ती थुंकीच्या डबीची. टीबीत फुप्फुसाला भगदाड पडतं ते आपल्याच प्रतिकाराच्या झटापटीत, आणि तिथूनच जंतू थुंकीत उतरतात. प्रतिकार खचलेला असला की भगदाडही सहसा पडत नाही. एक्स-रे बरा दिसतो, सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडत नाही, आणि जंतू मात्र रक्तातून मेंदूपर्यंत पोचलेला असू शकतो. 'थुंकी निल आली' म्हणून घरची माणसं निश्चिंत होतात, तिथंच घात होतो. अशा वेळी जंतूची जनुकं शोधणारी सीबीनॅट किंवा गोव्यातल्या कंपनीची ट्रूनॅट चाचणी करून घ्यावी.

एरवी खोकल्याला दोन आठवड्यांची मुदत धरतात. एचआयव्ही असलेल्यानं तेवढं थांबू नये: खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी तपासणी. लक्षणं नसतील तर सरकारी एआरटी केंद्रात एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या, जोडीला टीबी रोखणाऱ्या आयसोनियाझिडच्या गोळ्या मिळतात, रोज एक, सहा महिने. सोबत बी-६ची गोळी असते. ती चुकवू नका, नाहीतर तळपायांना मुंग्या येऊ शकतात आणि त्या भीतीनं लोक दोन्ही गोळ्या सोडून देतात.